जुन्या लॅपटॉपचं पॅनेल मॉनिटर म्हणून जोडलं, पण पडदा सारखा काळा पडतो: प्लग उपटण्याआधी हे बघा

बंद पडलेल्या लॅपटॉपमधून पॅनेल काढायचं, त्याला कंट्रोलर बोर्ड (संगणकाचं चित्र पॅनेलला समजेल असं करून देणारी पाटी) लावायचा, बोर्डाला एचडीएमआयची वायर जोडायची, की घरच्या संगणकाला दुसरा मॉनिटर तयार. इथपर्यंत बरेच जण सुखरूप पोहोचतात. खरी डोकेदुखी पुढे आहे. पडदा झकास लागतो, रंग ठीक असतात, आपण खूश होऊन कामाला बसतो आणि वीस-पंचवीस मिनिटांनी सगळं काळं. प्लग काढून घातला की चालू. अर्ध्या तासाने पुन्हा तेच.

माझ्याकडे हा खेळ तीन आठवडे चालला. पॅनेल १५.६ इंची, १३६६ बाय ७६८, एलईडी बॅकलाइटचं (मागून उजेड देणाऱ्या दिव्यांचं), एलव्हीडीएस या जुन्या प्रकारच्या जोडणीचं. बोर्ड नेहमीचाच, एचडीएमआय आणि व्हीजीए दोन्ही असलेला. तेवढ्या काळात मी एचडीएमआयच्या दोन वायरी बदलल्या, पॅनेलची केबल चार वेळा काढून घातली, ग्राफिक्सचा ड्रायव्हर उडवून पुन्हा टाकला, आणि शेवटी बोर्डच खराब आहे असं ठरवून दुसरा मागवायच्या बेतात होतो. दोष निघाले दोन, एकावर एक बसलेले. दोन्हींचा पत्ता पडदा दर वेळी स्वतःच सांगत होता. मला तो कळत नव्हता, कारण पडदा गेला की माझा हात आधी प्लगकडे जायचा. प्लग उपटला की पडदा परत येतो हे खरं, पण तो कशामुळे गेला याचा पुरावाही त्याच क्षणी पुसला जातो.

तेव्हा पडदा काळा पडला की हात मागे बांधा आणि अर्धा मिनिट नुसतं बघा.

त्या अर्ध्या मिनिटात काय बघायचं

आधी खोलीतला दिवा मालवा आणि मोबाइलचा टॉर्च पडद्यावर तिरका, अगदी जवळून धरा. खिडक्यांच्या कडा, अक्षरांच्या ओळी, माउसचा बाण असं काही अंधुक दिसतंय का? दिसलं तर पॅनेल जिवंत आहे, चित्रही पोहोचतंय, फक्त मागचा उजेड गेलाय. काहीच दिसलं नाही तर टॉर्च बंद करा आणि अंधारात पडद्याच्या कडांकडे बघा. एलसीडी पूर्ण काळा असला तरी मागून थोडा उजेड झिरपतोच, तो धूसर करडा दिसतो. उजेडच गेलेला असेल तर पडदा पाटीसारखा ठार काळा असतो. दिवसाउजेडी हा फरक अजिबात कळत नाही, म्हणून दिवा मालवायचा.

मग बोर्डाच्या बटणपट्टीवरचा छोटा दिवा. बहुतेक बोर्डांवर चालू असताना तो हिरवा किंवा निळा असतो आणि बोर्ड झोपला की लाल होतो. लाल दिसला तर बोर्डाच्या मते संगणकाकडून सिग्नलच येत नाहीये. हिरवाच राहिला तर बोर्डाच्या लेखी सगळं आलबेल आहे आणि गडबड त्याच्या पुढे, पॅनेलच्या बाजूला आहे. तुमच्या बोर्डाच्या दिव्याचे रंग वेगळे असतील तर एकदा मुद्दाम एचडीएमआय काढून कोणता रंग कधी येतो ते लिहून ठेवा.

संगणकाकडेही लक्ष ठेवा. पहिला मॉनिटर चालू असेल तर या पडद्यावरच्या खिडक्या उडी मारून तिकडे आल्या का? उपकरण निघाल्याचा आवाज आला का? आला असेल तर संगणकाच्या मते मॉनिटर उपटला गेलाय. खिडक्या जागच्या जागी असतील तर संगणकाला काही झाल्याचं माहीतच नाही.

आणि सगळ्यात बोलका पुरावा मिळतो तो पडदा परत येताना. मध्ये बोर्डाचा स्वतःचा लोगो किंवा एकरंगी सुरुवातीचा पडदा चमकून गेला का? गेला असेल तर बोर्ड नव्याने सुरू झालाय, म्हणजे मधल्या काळात त्याची वीज तुटली होती. सरळ चित्रच आलं असेल तर वीज कुठेही गेली नव्हती. पण हे कळायला पडदा आपोआप परत येऊ द्यायला हवा, किंवा फक्त माउस हलवून उठवायला हवा. प्लग काढून घातलात तर लोगो दिसणारच, आणि त्याचा अर्थ शून्य.

लोगो दिसला: अडॅप्टर

माझा पहिला दोष हाच होता. ज्या दिवशी मी प्लगला हात न लावता बसलो, त्या दिवशी पडदा सात-आठ सेकंदांनी आपणहून परत आला, आणि आधी लोगो आला.

अडॅप्टर होता जुन्या राउटरचा, १२ व्होल्ट १ अँपिअरचा. हिशेब केला तर तो कागदावर पुरतो. १५.६ इंची पॅनेलच्या एलईडी बॅकलाइटला पूर्ण उजेडावर चार-पाच वॉट, पॅनेलच्या इलेक्ट्रॉनिक्सला एक-दीड वॉट, बोर्डाला दोन-तीन वॉट. सगळे मिळून जास्तीत जास्त साडेनऊ वॉट, म्हणजे १२ व्होल्टवर साधारण पाऊण अँपिअर. पण अनेक वर्षं रात्रंदिवस तापलेल्या अडॅप्टरमधले आउटपुटचे कपॅसिटर सुकलेले असतात. थंड असताना तो नीट वागतो, तापला की भाराखाली व्होल्टेज हलायला लागतं आणि एका क्षणी तो स्वतःला बंद करून पुन्हा सुरू होतो. वीस-पंचवीस मिनिटं हा तापायला लागणारा वेळ. काळ्या पडद्याला घड्याळ असेल, म्हणजे थंड सुरुवातीपासून दर वेळी जवळजवळ तितक्याच मिनिटांनी तो येत असेल, तर उष्णतेशी संबंध आहे असं खुशाल धरा.

मल्टिमीटरने मी आधी मोजलं होतं आणि फसलो होतो. अडॅप्टर मोकळा असताना १२.२ व्होल्ट, उत्तम. मोकळ्या अडॅप्टरचं मोजमाप म्हणजे बैल गाडीला न जुंपताच त्याची ताकद जोखणं. पडदा चालू असताना, बोर्डाच्या सॉकेटच्या मागच्या सोल्डरच्या टाक्यांवर मोजा, आणि अडॅप्टर तापल्यावर मोजा. साधा मीटर सरासरी दाखवतो, क्षणभराची बुडी त्यात दिसत नाही. मीटरला किमान-कमाल धरून ठेवण्याची सोय असेल तर ती लावून ठेवा.

मीटर नसेल तरी एक युक्ती आहे. बोर्डाच्या मेनूतून उजेड तीस टक्क्यांवर आणा आणि तासभर बघा. काळं पडणं थांबलं किंवा खूप लांबलं तर वीजपुरवठ्यावर संशय घट्ट झाला. पडद्यावर काळी पार्श्वभूमी ठेवून मात्र काही साध्य होणार नाही. एलसीडीत मागचा उजेड कायम तेवढाच जळतो, चित्र पांढरं असो वा काळं. तो फरक ओलेडमध्ये पडतो.

उपाय एवढाच: १२ व्होल्ट, २ अँपिअर किंवा जास्तीचा धडका अडॅप्टर. अँपिअर जास्त असले तर बिघडत नाही, बोर्ड लागेल तेवढेच घेतो. व्होल्ट मात्र १२ च हवेत, आणि प्लगच्या आतल्या टोकाला प्लस आहे ना हे तपासा. त्याच वेळी प्लग सॉकेटमध्ये सैल नाही ना तेही बघा. बाहेरचा व्यास सारखा असूनही आतली पिन २.१ मिलिमीटर की २.५ हा फरक डोळ्यांना दिसत नाही, आणि चुकीची जोडी धक्का लागला की क्षणभर सुटते. लक्षण तेच, लोगोसकट.

लोगो नाही, दिवा लाल: दोघांचा रुसवा

नवा अडॅप्टर लावला. तीन दिवस सुखाचे गेले. चौथ्या दिवशी जेवून परत आलो तर पडदा काळा, आणि माउस हलवला, कळा दाबल्या, काही केलं तरी उठेना.

या वेळी बघितलं: दिवा लाल, लोगो नाही, आणि खिडक्या सगळ्या पहिल्या मॉनिटरवर येऊन बसलेल्या. म्हणजे संगणकाच्या लेखी हा मॉनिटर अस्तित्वातच नाही.

हे समजायला एचडीएमआयच्या सॉकेटमधल्या दोन पिना माहीत असायला हव्यात. १८ नंबरच्या पिनेवर संगणक ५ व्होल्ट देतो. १९ नंबरची पिन हॉट प्लगची. मॉनिटर तिचं व्होल्टेज वर खेचून ‘मी आहे’ असं सांगतो. ती वर असेल तरच संगणक १५ आणि १६ नंबरच्या पिनांवरून मॉनिटरची माहिती, म्हणजे त्याची ईडीआयडी, वाचतो आणि चित्र पाठवायला लागतो.

आता झोपेचा प्रसंग बघा. संगणक काही वेळाने पडदा झोपवायचा म्हणून सिग्नल बंद करतो. बोर्ड सिग्नल गेलेला बघतो आणि स्वतः झोपतो. इथपर्यंत ठीक. पण काही बोर्ड झोपताना हॉट प्लगची पिनही खाली सोडतात. संगणकाला वाटतं, मॉनिटर उपटला. मग तो उठल्यावरही तिकडे काही पाठवत नाही. आणि बोर्ड बसलाय सिग्नलची वाट बघत, सिग्नल आला की उठेन म्हणून. तू उठ मग मी उठतो, अशी दोघांची अडवणूक. तुम्ही प्लग काढून घालता तेव्हा बोर्ड पुन्हा जागा होतो, पिन वर जाते आणि रुसवा मिटतो. म्हणून हा दोष नेहमी वायरीचा वाटतो.

खात्री करणं सोपं आहे. संगणकात पडदा झोपवण्याची सोय पूर्ण बंद करा आणि दोन दिवस जाऊ द्या. एकदाही काळं पडलं नाही तर हाच दोष. मग मुद्दाम पडदा एका मिनिटात झोपेल असं ठेवून तो हमखास घडवून आणता येतो का तेही बघा. जो दोष आपल्या मर्जीने घडवता येतो तो निम्मा सुटलेला असतो.

कायमच्या उपायांत मला सगळ्यात कमी कटकटीचा वाटला तो ईडीआयडी इम्युलेटर. बोटभर लांबीचा जोड असतो, संगणकाच्या सॉकेटमध्ये घालायचा आणि त्यात वायर लावायची. तो हॉट प्लग कायम वर धरतो आणि मॉनिटरची माहिती स्वतःच्या स्मृतीतून देतो. बोर्ड झोपला काय, मेला काय, संगणकाला पत्ता लागत नाही. तो चित्र पाठवत राहतो आणि बोर्ड जागा होतो. घेताना मॉनिटरची माहिती शिकून घेणारा प्रकार घ्या, ठरावीक साच्याचा नको. का ते पुढे येतंय.

लिनक्स असेल तर पैसेही खर्च करायची गरज नाही. कर्नलला, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याला, सुरू होतानाच सांगता येतं की अमुक जोडणी कायम जोडलेली समज आणि तिची ईडीआयडी या फाइलमधून घे. मॉनिटर चालू असताना ती फाइल सिस्टिमच्या डीआरएम फोल्डरमधून जशीच्या तशी उचलता येते. फाइलचा मूळ भाग फक्त १२८ बाइटचा असतो. विंडोजवर माहिती बदलता येते, पण काही व्यावसायिक ग्राफिक्स कार्डांच्या ड्रायव्हरमध्ये ही सोय असते ती सोडली तर मॉनिटर ‘आहेच’ असं पटवणं अवघड जातं. तिथे इम्युलेटरच बरा.

बोर्डावर १८ आणि १९ पिना एक किलोओहमच्या रेझिस्टरने जोडून टाकण्याचा देशी उपायही आहे आणि तत्त्व म्हणून तो बरोबर आहे. पण बोर्डाची चिप ती पिन जोर लावून खाली ओढत असेल तर आधी तो रस्ता कापावा लागतो. हात बसलेला नसेल तर या वाटेला जाऊ नका.

१३६६ चं भांडण

हा भाग काळ्या पडद्यापासून थोडा बाजूला आहे, पण झोपेतून उठल्यावर पडदा परत येतो आणि अक्षरं धुरकट दिसतात, किंवा ‘मर्यादेबाहेर’ असा शिक्का येऊन पुन्हा काळं होतं, त्याचं मूळ इथे आहे.

पॅनेलमध्ये स्वतःची ईडीआयडी असते, पण हे कंट्रोलर बोर्ड बहुधा ती वाचतच नाहीत. बोर्ड संगणकाला जी माहिती देतो ती त्याच्या फर्मवेअरमधली, म्हणजे बोर्डात भरलेल्या प्रोग्रॅममधली. फर्मवेअर दुसऱ्याच पॅनेलचं असेल तर संगणकाला हा १९२० बाय १०८० चा मॉनिटर वाटतो, आणि बोर्ड चित्र आवळून कसंबसं पॅनेलवर बसवतो.

त्यात १३६६ हा आकडाच विचित्र आहे. ईडीआयडीच्या साध्या यादीत रुंदी एका बाइटमध्ये लिहितात: आठाने भागायचं, एकतीस वजा करायचे. म्हणजे आठाच्या पटीतल्या रुंदीच तिथे मावतात. १३६६ ला आठाने भागलं तर १७०.७५ येतात, म्हणून तिथे १३६० किंवा १३६८ लिहिलं जातं. अचूक १३६६ फक्त सविस्तर नोंदीत लिहिता येतं. ती नोंद चुकीची असेल तर संगणक जवळचं काहीतरी उचलतो, चित्राचे ठिपके पॅनेलच्या ठिपक्यांवर नेमके बसत नाहीत आणि अक्षरं पुसट होतात.

सविस्तर नोंद स्वतः लिहायची असेल तर दोन प्रमाण आकडे कामाचे आहेत. पहिला, पिक्सेल क्लॉक (ठिपके पाठवण्याचा वेग) ८५.५ मेगाहर्ट्झ, एकूण आडवे ठिपके १७९२, एकूण उभे ७९८. दुसरा, कमी रिकाम्या जागेचा, क्लॉक ७२ मेगाहर्ट्झ, आडवे १५००, उभे ८००. क्लॉकला या दोन आकड्यांच्या गुणाकाराने भागलं की बरोबर ६० हर्ट्झ येतात. मी दुसरा वापरतो. क्लॉक कमी म्हणजे घरी जोडलेल्या लांबट केबलवर ताण कमी.

सरळ मार्ग अर्थातच बोर्डात योग्य फर्मवेअर घालण्याचा. ते करताना पॅनेलच्या मागच्या पट्टीवरचा पूर्ण क्रमांक जुळवा, शेवटच्या अक्षरांसकट. एलजीच्या क्रमांकात शेवटच्या गटात टीएल असेल तर एलव्हीडीएस, टीपी असेल तर ईडीपी, म्हणजे नव्या प्रकारची जोडणी. इनोलक्सच्या क्रमांकात आडव्या रेघेनंतर एल असेल तर एलव्हीडीएस, ई असेल तर ईडीपी. बाकीच्यांसाठी त्या क्रमांकाची डेटाशीट काढा. ३० पिनांचं ईडीपी आणि ३० पिनांचं जुनं एलव्हीडीएस या नुसत्या पिना मोजून ओळखायच्या गोष्टी नाहीत.

टॉर्चमध्ये चित्र दिसलं: उजेडाचा रस्ता

हा प्रकार माझ्या दुसऱ्या, १४ इंची पॅनेलवर झाला. उजेड जायचा, चित्र असायचं, बोर्डाचा दिवा हिरवा. बोर्डापासून पॅनेलकडे उजेडासाठी चार प्रकारच्या तारा जातात: १२ व्होल्ट, ग्राउंड, चालू करण्याचा इशारा आणि उजेड कमी-जास्त करण्याचा इशारा. लॅपटॉपच्या एलईडी पॅनेलवरचा ड्रायव्हर साधारण ७ पासून २० व्होल्टपर्यंत काहीही चालवून घेतो, त्यामुळे १२ चे ११ झाले म्हणून उजेड जात नाही. जातो तो बहुधा चालू करण्याच्या इशाऱ्याची तार सैल असल्यामुळे. तिच्यातून नगण्य करंट वाहतो, जोड ढिला असला तरी सुरुवातीला चालून जातो, आणि तापून प्लास्टिक किंचित हललं की सुटतो.

पडदा काळा असताना, टॉर्च धरून, ती तार पॅनेलच्या बाजूला हलकेच दाबून बघा. उजेड भपकन आला तर सापडलं. माझ्या केबलमध्ये क्रिंप (तारेवर दाबून बसवलेलं धातूचं टोक) तारेच्या तांब्यावर नाही, अर्धी तिच्या प्लास्टिकवर दाबलेली होती. उजेड जात नाही पण श्वास घेतल्यासारखा कमी-जास्त होतो, तर उजेडाच्या इशाऱ्याची तार लोंबकळती आहे.

फार जुन्या, एलईडीच्या आधीच्या पॅनेलमध्ये मागे बारीक ट्यूब असते आणि तिला वेगळा इनव्हर्टर. तिथे उजेड लागून एक-दोन सेकंदांत गेला तर ट्यूब म्हातारी झाली आहे आणि इनव्हर्टर स्वतःला वाचवतोय. सुरुवातीला गुलाबी झाक दिसत असेल तर नक्कीच. त्या इनव्हर्टरच्या आउटपुटवर कित्येक शे व्होल्ट असतात. चालू असताना तिथे बोट किंवा मीटरचं टोक लावू नका, आणि ट्यूब फोडू नका, आत पारा असतो. पूर्ण मॉनिटर उघडून त्याचाच वीजपुरवठा वापरत असाल तर त्यातला मोठा कपॅसिटर प्लग काढल्यावरही ३०० व्होल्टच्या आसपास धरून बसू शकतो.

उजेड आहे, चित्र नाही

इथे एक गंमत आहे. एकच दोष दोन पॅनेलवर दोन रंगांत दिसतो. लॅपटॉपची साधी टीएन पॅनेलं वीज नसताना पारदर्शक असतात, म्हणून चित्र गेलं की पांढरी होतात. आयपीएस पॅनेलं वीज नसताना बंद असतात, म्हणून काळी. ‘माझा पडदा पांढरा होतो’ आणि ‘माझा काळा होतो’ म्हणणारे दोघे एकाच रोगाचे रुग्ण असू शकतात.

पहिला संशय पॅनेलच्या ३.३ व्होल्टवर. मर्यादा ३.० ते ३.६ असते. पॅनेलच्या जोडाजवळ मोजल्यावर २.९ आलं तर तारा बारीक आहेत किंवा दोन-तीन पिनांपैकी एकच लागलेली आहे. बोर्डावरचा ३.३, ५, १२ व्होल्टचा जंपरही (व्होल्टेज निवडायची छोटी टोपी) या निमित्ताने बघून घ्या. लॅपटॉपच्या पॅनेलला ३.३ च. पाच दिले तर पॅनेल लगेच जळेलच असं नाही, आणि तेच फसवं आहे.

४० पिनांच्या एलव्हीडीएस पॅनेलवर बहुधा २ आणि ३ नंबरला ३.३ व्होल्ट आणि ३८ ते ४० नंबरला बॅकलाइटचे १२ व्होल्ट असतात. केबल उलटी बसली तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून केबल काढ-घाल करून दोष शोधण्याची माझी जुनी पद्धत किती मूर्खपणाची होती ते आता कळतं. तो जोड शेकडो वेळा उघडायला बनवलेलाच नाही. चौथ्या-पाचव्या खेपेला आपणच नवा दोष तयार करतो. बसवा, सरळ आहे ना बघा, वरून पॉलिमाइडची चिकटपट्टी लावा आणि विसरा.

पडद्यावर चित्र वितळत गेल्यासारखं पांढरं होत असेल तर चित्राचा ताल धरणाऱ्या क्लॉकच्या तारांची जोडी तुटतेय. तसं दिसलं की लगेच बंद करा, तशा अवस्थेत तासभर ठेवणं लिक्विड क्रिस्टलला बरं नाही. ईडीपी पॅनेलमध्ये वितळणं दिसत नाही. तिथे बोर्ड आणि पॅनेल आधी आपसात दुवा जुळवतात, तो जुळला नाही तर सरळ अंधार. झोपेतून उठताना दर वेळी हा दुवा नव्याने जुळवावा लागतो, म्हणून तिथे केबल आखूड आणि चांगलीच हवी.

आणि खुर्ची

सगळं मिटल्यावर एक विचित्र गोष्ट उरली. मी खुर्चीवरून उठलो की पडदा दोन सेकंद जायचा. बसलो की कधी जायचा, कधी नाही. घरात सांगितलं तर लोक हसले. पण गॅसच्या नळीवर वरखाली होणाऱ्या खुर्चीत उठता-बसता स्थिर विजेचा झटका तयार होतो, आणि त्याच्या लहरी जवळची एचडीएमआय वायर पकडते. बाजारातल्या धड मॉनिटरवरही हे होतं, आपल्या उघड्यावाघड्या पॅनेलवर तर होणारच.

लक्षण ओळखू येतं: लोगो नाही, दिवा क्षणभर लाल, एक-दोन सेकंदांत चित्र परत. मी पॅनेलच्या धातूच्या चौकटीपासून बोर्डाच्या ग्राउंडच्या भोकापर्यंत एक जाड तार स्क्रूने बसवली, तीन मीटरची वायर काढून दीड मीटरची शिल्ड असलेली लावली आणि तिच्या टोकाला फेराइटचा मणी अडकवला. या तिघांतलं नक्की कोण कामी आलं ते सांगता येणार नाही, कारण एका दमात तिन्ही केलं. एक-एक करून बघायला हवं होतं, पण तोवर माझा धीर संपला होता.

एक त्रास मात्र लिनक्सच्या फुकटच्या उपायाने जात नाही: बायोसचा, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या सेटिंगचा, पडदा या पॅनेलवर दिसत नाही. कर्नलला दिलेली ईडीआयडी कर्नल सुरू झाल्यावरच कामाला येते, त्याआधी बायोसला तिचा पत्ता नसतो. बोर्ड सुरू होऊन हॉट प्लग वर करायला दोन-चार सेकंद घेतो, तेवढ्यात संगणक दुसरीकडे चित्र पाठवून मोकळा झालेला असतो. बायोसमध्ये शिरायचं असेल तर आधी पॅनेलचा प्लग लावा, लोगो येऊन जाऊ द्या, आणि मग संगणकाचं बटण दाबा.